पुंगळीचा तळ

"आजी, हे एकदा पालथं घालून बघू?"

हा प्रश्न विचारून दाखवलास तर आठवडाभर माझा डबा तुझा, असं अल्फिया म्हणाली होती. तिच्या अम्मीच्या हातचे कबाब शुक्रवारी असायचे, म्हणजे पैज साधी नव्हती. समीक्षा तर म्हणाली, "ही दारातूनच परत येती बघ." दोघी घाणेरीच्या कुंपणाआड दबा धरून बसल्या होत्या, आणि मी राहीआजीच्या ओट्यावर उभी राहून, घसा साफ करून, अख्ख्या आसनवाडीत सत्तर वर्षांत कुणी विचारला नव्हता तो प्रश्न विचारला.

राहीआजी घेवड्याच्या शेंगा निवडत होती. वय नव्वदच्या पुढं, पाठ वाकलेली, कपाळावर हिरवट पडलेलं गोंदण. तिनं वर न बघता उत्तर दिलं, "देव कुनी पालथा घालतं का, शरे?"

तो देव म्हणजे वीतभर उंचीची पितळी पुंगळी, तोफगोळ्याची. गोळा पुढं जातो आणि ही मागं राहते. राहीआजीच्या देवघरात टाकांच्या शेजारी ती पाटावर उभी असायची, चिंचेनं घासून लखलखीत केलेली. तिचा नवरा केरबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढताना गेला. माझे पणजोबा सुभानराव त्याच्याच पलटणीत होते. लढाई संपल्यावर ते परत आले, तेव्हा त्यांनी ही पुंगळी राहीआजीच्या हातात दिली आणि सांगितलं, "ज्या जर्मन तोफेनं केरबाला नेलं, तिची ही. त्याच जागेवरनं उचलून आणली." गावातल्या पोरांना हे बाराखडीच्या आधी पाठ असतं.

आज ती पुंगळी माझ्या टेबलावर आहे. तळ वर करून ठेवलीय.

मी तेव्हा सातवीत होते आणि सगळी शाळा मला 'बाँबवाली' म्हणत होती. त्याचं असं झालं की आमच्या हेडसरांच्या केबिनमध्ये फुलं ठेवायला एक पितळी भांडं होतं. एक दिवस मी त्यातली फुलं काढली, भांडं उलटं केलं आणि सांगितलं, सर, ही फुलदाणी नाही, इंग्रजांच्या तोफेची पुंगळी आहे, एकोणीसशे सोळा सालची. सरांनी शहरातल्या कुणाला तरी फोटो पाठवले. दोन दिवसांनी प्रार्थनेच्या वेळी सांगितलं, शर्वरी इंगवलेनं सांगितलं ते अक्षरशः खरं निघालं. त्याआधी मी वर्गात हजेरीलासुद्धा पुटपुटायचे. त्यानंतर मला गप्प बसवणं अवघड झालं.

हे सगळं आबांमुळं. माझे आजोबा, जयसिंग इंगवले, दारूगोळ्याच्या डेपोत चौतीस वर्षं तपासनीस होते. कुठं जुना बाँब सापडला, कुणाच्या रानात नांगराला तोफगोळा लागला, की तो ओळखायला आबा जायचे. त्यांच्याकडं हातानं लिहिलेली जाड वही होती. कुठल्या देशाचा गोळा, केवढा रुंद, तळावर कसले छाप, कुठल्या लढाईतला. ती वही आणि रुंदी मोजायचा त्यांचा कॅलिपर मला सुट्टीत खेळायला मिळायचा. एक नियम मात्र ते खेळातही मोडू देत नसत. अनोळखी माल समोर आला की पहिल्यानं वाचायचं, चिठ्ठीवर लिहायचं, चिठ्ठी दुमडायची आणि गप्प राहायचं. मग दुसरा येणार, तो वेगळं वाचणार, वेगळी चिठ्ठी लिहिणार. दोन्ही चिठ्ठ्या जुळल्या तरच त्या वस्तूला नाव. "तोवर तोंडातनं शब्द काढायचा नाही," आबा म्हणायचे. "बोललेलं परत आत घालता येत नाही."

त्या दुपारी माझ्या दप्तरात कॅलिपर होता, चिठ्ठी नव्हती.

"देव नाही गं आजी, पुंगळी आहे," मी म्हणाले. "तळाला सगळं कोरलेलं असतं. कुठल्या कारखान्यात झाली, कधी झाली."

शेंगा निवडणारे हात थांबले. "कधी? म्हंजी तारीख?"

"महिना आणि साल."

"खरं सांगतीस?"

"आईशप्पथ."

तिनं सूप बाजूला सारलं. पितृपक्ष चालू होता, सर्वपित्री अमावास्या तीन दिवसांवर आली होती. "सुभाना नुसतं उन्हाळा म्हनला," ती म्हणाली. "दिस कुठला, म्हयना कुठला, काय न्हाई. मग मी त्यास्नी दरसाल अमुशाला वाढते, समद्यांच्या गर्दीत. आज्जा, पंज्जा, चुलतं, समदी एका पंगतीला. माज्या मान्साला सोताच्या तिथीला एकट्यानं घास मिळाला न्हाई कधी." मग खूप हळू म्हणाली, "म्हयना कळला तरी बास हाय. तिथी मी भटजीला इचारून धरीन."

कारखान्यातली तारीख आणि माणूस गेल्याची तारीख एक नसते, हे मला माहीत होतं. मी सांगायला तोंडही उघडलं होतं. पण ती आपली आपणच बोलत होती, "लढाईत काय ठिवून देत्यात व्हय? झाली की उडवली आसंल." आणि मला पुंगळी पालथी घालायची होती. मी तोंड मिटलं. सबंध आयुष्यात गप्प बसायची नेमकी हीच वेळ मी निवडली.

तिनं हात धुतले, पुंगळीला नमस्कार केला आणि ती स्वतःच्या हातानं माझ्या मांडीवर दिली.

मी आधी पुंगळीचं तोंड कॅलिपरनं मोजलं. सत्याहत्तरच्या जरा वर आलं. उडवलेली पुंगळी किंचित फुगते, तेव्हा सत्याहत्तर मिलिमीटर. आबांच्या वहीत दुसऱ्या युद्धाच्या पानावर जर्मन तोफांमध्ये पंचाहत्तर होती, अठ्ठ्याऐंशी होती, एकशे पाच होती. सत्याहत्तर आदल्या पानावर होती, पहिल्या युद्धाच्या. मला वाटलं, तोंड कुठं तरी चेपलं असेल. मग मी पुंगळी उलटी केली.

तळ दिसतच नव्हता. त्यावर काळपट लाल थर होता, गुळगुळीत, बोटभर जाड नसेल पण नखानं निघत नव्हता. मला वाटलं, वर्षानुवर्षांचं तेल आणि शेंदूर. मी केसातली पिन काढली आणि कडेकडेनं खरवडायला लागले. थराचे टवके उडायला लागले, तशी राहीआजी सरकत सरकत माझ्या गुडघ्याला येऊन टेकली. तिला वाचता येत नव्हतं, तरी ती वाकून बघत होती.

"एम. ए. आय." मी म्हणाले. "मे महिना, आजी. जर्मन लोक असंच लिहितात."

"मे म्हंजी वैशाख," ती म्हणाली. तिच्या तोंडावर जे आलं ते मी अजून कुठल्या चेहऱ्यावर बघितलेलं नाही. "उन्हाळाच म्हनला हुता सुभाना. वैशाख. आमचं लगीनबी वैशाखातलंच की गं." ती बोटांवर काहीतरी मोजायला लागली. "खरवड, खरवड. साल बघ."

एक. नऊ. पिन वाकली, मी ती दातानं सरळ केली. मग पुन्हा एक. मग सात.

मला आठवतंय, माझं सगळं अंग आनंदानं हललं. हेडसरांच्या भांड्यापेक्षा हे मोठं होतं. तोंड चेपलेलं नव्हतंच, माझं माप बरोबर होतं, आबांची वही बरोबर होती. मी कुंपणापलीकडं ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "एकोणीसशे सतरा. आजी, ही जर्मनच आहे, शंभर टक्के, पण ही पहिल्या लढाईतली. केरबा आजोबा तेव्हा जन्मलेसुद्धा नव्हते."

घाणेरीतून अल्फिया आणि समीक्षा बाहेर आल्या. अल्फियानं टाळी वाजवायला हात उचलले आणि आजीकडं बघून खाली केले.

"मग ही त्येंच्यावर उडवल्याली न्हाई," राहीआजी म्हणाली.

"नाही."

"सुभानानं तितनं उचलली न्हाई."

"नसेल." परीक्षेत देतात तसं मी उत्तर दिलं.

ती बराच वेळ त्या आकड्यांवरून अंगठा फिरवत राहिली. मग तिनं मला विचारलं, "मग त्यास्नी जाताना कुनी बघितलं?"



घरी आले तेव्हा आबा अंगणात खुर्ची टाकून चहा पीत होते. वाटेत आजीचा तो प्रश्न डोक्यातून जात नव्हता, पण आबांना बघितल्यावर पुन्हा उत्साह आला. मी सगळं एका दमात सांगितलं. राहीआजीची पुंगळी, सत्याहत्तर, मे, एकोणीसशे सतरा. कप त्यांच्या ओठांपर्यंत गेला होता, तो तसाच बशीत आला.

"दुसऱ्यानं वाचलं?" त्यांनी विचारलं.

"नाही. तिथं दुसरं होतं कोण?"

"मग बोललीस का?"

"पण बरोबर आहे ना, आबा? मी चुकले का वाचायला?"

त्यांनी बशी खाली ठेवली. मग म्हणाले, "लाख कशानं खरवडलीस?"

"पिनेनं," मी म्हणाले. आणि मग माझ्या लक्षात आलं, लाखेचं मी बोललेच नव्हते. तो थर लाखेचा होता हे मलाच माहीत नव्हतं.

मी विचारायच्या आत ते उठून आत गेले. त्या संध्याकाळी ते जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी शाळेला निघाले तर फाट्यावर माणसं थांबलेली. आमचा फाटा म्हणजे वडाखालची एक शेड आणि मैलाचा दगड. शेडच्या बाकावर राहीआजी बसली होती. हिरवं लुगडं नेसली होती. ते घडीचं होतं, घड्या नीट उलगडल्या नव्हत्या. मांडीवर पुंगळी होती. आणि कपाळावर, त्या गोंदणावर, रुपयाएवढं कुंकू.

मी सायकल टाकली. कुणी तरी म्हणत होतं, "सकाळधरनं बसलीय. सून न्यायला आली तर उठना." कुणी तरी म्हणालं, "वयानं भ्रमिष्ट झाली." एकजण हसलासुद्धा. मी तशीच वळले, पळत घरी गेले आणि आबांना घेऊन आले. पप्पांच्या गाडीवर न बसता ते चालत आले, माझ्या खांद्यावर हात ठेवून. एरवी ते कुणाचा आधार घेत नसत.

त्यांना बघून राहीआजीनं पुंगळी पुढं केली. "जयसिंगा, तू यातला जानता. पोरगीनं वाचलं. आता तू वाच."

म्हणजे तिला तो नियम माहीत होता. गावात आबांनी तो किती वेळा सांगितला असेल कुणास ठाऊक.

आबांनी पुंगळी हातात घेतली नाही, खिशातला चष्माही काढला नाही. "वाचायला नको, काकी," ते म्हणाले. "पोरीनं बरोबर वाचलंय. ती लाख मीच लावलेली."

"तू?"

"दादा गेले त्या साली. डेपोतनं लाख आणली, आणि तुमच्याकडनं पुंगळी घासून देतो म्हणून नेली. दादांनी मरताना सांगितलं मला." आपल्या वडलांना, सुभानरावांना, आबा दादाच म्हणायचे, आणि आता त्यांचा आवाज एकदम लहान मुलासारखा झाला होता. "येताना बोट एका बंदराला थांबलेली. तिथल्या बाजारात जुनं पितळ विकायला होतं. दादांनी ती आवडली म्हणून घेतली. दुसरं काय नाही."

"आन हे? ह्येंचं काय झालं?"

"नदी ओलांडत होते. केरबाकाका पाण्यात उतरताना होते, पलीकडं नव्हते. एवढंच दादांना माहीत होतं. सरकारचा कागदही तेच म्हणत होता, सापडले नाहीत."

"ते मला ठाव हाय," राहीआजी म्हणाली. "कागूद माझ्या हातात दिल्याला. मी म्हनलं, सापडलं न्हाईत तर सापडतील. हितंच उभी ऱ्हायचे मी. लढाईवरनं मानसं घेऊन लाऱ्या यायच्या, परत्येक लारीला. सासू शिव्या द्यायची. एक दिस सुभाना उतरला. म्या इचारलं, त्ये मागल्या गाडीत हायती का?"

"दादांना तुमच्या तोंडाकडं बघवलं नाही, काकी. पिशवीत ती होती, ती काढून दिली. पोरगी अजून किती वर्षं उन्हात उभी राहणार, असं वाटलं त्यांना."

"हितंच दिली. ह्याच दगडापाशी," ती म्हणाली. "आन घरी जाऊन मी बांगड्या फोडल्या."

बाजूला उभ्या माणसांतला तो हसणारा गडी डोक्यावरची टोपी काढून उभा होता. सातारची एसटी आली, थांबली, गेली. राहीआजीनं उतरलेल्या माणसांकडं बघितलं. तीन बायका आणि एक शाळेचे मास्तर.

"आजी," मी म्हणाले, "ते आता..."

"यायचं न्हाईत. मला कळतंय की, शरे. मी काय खुळी हाय? माझ्यापरास चार वर्सांनी मोठं हुतं ते." तिनं कुंकवाला हात लावला नाही, नुसता कपाळाजवळ नेला. "पन माझं मला पटल्यावर मी पुसलं आसतं. चार वर्सांनी, धा वर्सांनी. माझी मी उठले आसते हितनं. माझ्या आधी सुभानानं ठरवलं. आन जयशानं त्याच्यावर झाकान लावलं."

आबा तिच्या पायाशी खाली बसले. गुडघे दुखतात म्हणून ते पूजेलाही खाली बसत नव्हते.

"परवाच्या अमुशाला त्येंचं पान वाढायचं न्हाई," ती म्हणाली. "कुनी बघितल्यालं न्हाई तर पान कशाला वाढू? माझं मी बघून घेती किती दिस बसायचं ते. तुमी जावा आता."

आम्ही गेलो. मी शाळेत गेले नाही. संध्याकाळी साडेपाचला परत फाट्यावर जाऊन लांबून बघितलं तर ती तिथंच होती. सहाची गाडी गेल्यावर सुनेनं तिला हाताला धरून घरी नेलं.

आमच्या घरात तोवर सगळी बातमी पोचली होती. पप्पा सोप्यात उभे होते, मम्मी दाराला टेकून डोळे पुसत होती. आबा कोपऱ्यात बसले होते, पायात चपला तशाच.

"तू आत्ताच्या आत्ता जायचं," पप्पा मला म्हणाले. "आणि सांगायचं, आजी, माझं चुकलं, आकडे नीट दिसले नाहीत, सतरा नाही, चव्वेचाळीस आहे. आबा बरोबर येतील आणि तेही तेच म्हणतील. ते म्हणाले की तिला पटेल."

"पण आबांनी सकाळी तिला सगळं सांगितलंय."

"म्हणतील, आठवणीत घोळ झाला. वय झालंय."

"शरू, ऐक," मम्मी म्हणाली. तिचा आवाज मऊ होता, म्हणून जास्त लागला. "किती दिवस राहिलेत तिचे? सत्तर वर्षं जी गोष्ट धरून ती जगली तीच धरून जाऊ दे की तिला. तू खोटी ठरशील, ठरू दे. चार दिवस मुली हसतील. तिच्यापुढं ते काय गं?"

खरं सांगते, मी हो म्हणणार होते. बाँबवालीची फजिती झाली असती तर चाललं असतं मला. माझ्या डोळ्यांसमोर ती घडी न उलगडलेलं लुगडं होतं, आणि ते मी करून ठेवलं होतं. मी चपला घातल्यासुद्धा. आबांकडं बघितलं.

ते म्हणाले, "माझ्या बानंही असंच केलेलं. तिच्या तोंडाकडं बघवलं नाही म्हणून." आणि मान खाली घातली.

मी चपला काढल्या. दप्तरातून कॅलिपर काढून आबांच्या पेटीत ठेवला, वही त्यावर ठेवली, पेटी लावली. मग सोप्यात येऊन पप्पांच्या समोर उभी राहिले.

"मी चुकले असं सांगायला जाणार नाही, पप्पा. उद्यापासून शाळा सुटली की मी फाट्यावर जाणार. आजी बसेल तेवढे दिवस तिच्याशेजारी बसणार. ती उठेल तेव्हा उठणार, मी उठ म्हणणार नाही, आणि सहाची गाडी गेली की तिला घरी पोचवून येणार." मी मम्मीकडं वळले. "माझ्या डब्यात दोन भाकरी जास्त घाल. तिला चावत नाही, मऊ कर."